मॉलला जायचंय? आधी परत यायचं ठरवा

आतेभावाचं लग्न ठरलं आणि बार्शीहून आत्या, थोरला आतेभाऊ, वहिनी, त्यांची दोन पोरं, खुद्द नवरदेव आणि त्याचा एक मित्र अशी सात माणसं आमच्या कोथरूडच्या घरी येऊन थडकली. बस्ता लक्ष्मी रोडवर बांधून झाला. तो मॉलमध्ये बांधायचा नसतो, यावर आमच्या घराण्यात दुमत नाही. राहिला होता नवरदेवाचा सूट, बूट आणि पोरांचा "मॉल दाखव ना" हा धोशा. आमची चार धरून अकरा माणसं, दोन गाड्या. पुण्यात बारा वर्षं काढलेली मी म्हणाले, यात काय ठरवायचंय, बसा गाडीत!

त्या दिवशी एक गाडी विमाननगरला पोचली आणि दुसरी वाकडला. आत्याचा अडकित्ता दारात जमा झाला. सुटाची पँट अल्टर होऊन मिळायला पाच दिवस लागतील, हे बिल झाल्यावर कळलं. आणि रात्री सव्वादहाला आम्ही तळघरात गाडीचं बटण दाबत, कुठे दिवा लुकलुकतोय का ते बघत फिरत होतो. त्यानंतर पाहुण्यांना घेऊन बऱ्याच वेळा जाणं झालं. आता जमतं. पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी, विशेषतः गावाकडची मंडळी, म्हातारी माणसं आणि पोरं सोबत असणाऱ्यांसाठी हे लिहितेय.

१. मॉलचं पूर्ण नाव ठरवा

पुण्यात नुसतं "फिनिक्सला भेटू" म्हणणं धोक्याचं. नगर रस्त्यावर विमाननगरला फिनिक्स मार्केटसिटी आहे, २०११ सालचं. वाकडला फिनिक्स मॉल ऑफ द मिलेनियम आहे, ते २०२३ मध्ये सुरू झालं. दोन्हींत वीसेक किलोमीटरचं अंतर आणि मध्ये अख्खं शहर. आमच्या नवरदेवाच्या मित्राने नकाशात "फिनिक्स" टाकलं, पहिलं आलं ते दाबलं आणि आत्याला घेऊन वाकड गाठलं. तिथून फोन, "आम्ही पोचलो, तुम्ही कुठंय?"

हडपसरची गंमत वेगळी. आमनोरा आणि सीझन्स हे दोन मॉल समोरासमोर आहेत, मध्ये फक्त रस्ता. "मगरपट्ट्याच्या मॉलपाशी ये" असं सांगितलंत, तर एक जण या दाराशी आणि दुसरा त्या दाराशी अर्धा तास उभा राहणार. नकाशावरचं ठिकाण पाठवा आणि सोबत कुठल्या दारात भेटायचं तेही लिहा. मोठ्या मॉलला चार-पाच दारं असतात.

कुठला निवडायचा, तर घराजवळचा. मोठे ब्रँड जवळपास सगळीकडे तेच असतात. नुसतं दोन तास फिरून पोरांना काहीतरी खायला घालायचं असेल, तर सेनापती बापट रस्त्यावरच्या पॅव्हिलियनसारखा आटोपशीर मॉल बरा, पायांचे तुकडे पडत नाहीत. खरेदीची यादी लांब असेल तरच मोठ्या मॉलच्या वाटेला जा.

२. दिवस निवडा, वार निवडा

शनिवार-रविवार संध्याकाळ टाळा. एवढं एक ऐकलंत तरी अर्धं काम झालं. दुकानं साधारण अकराला उघडतात. मंगळवारी किंवा बुधवारी साडेअकराला आत शिरा. ट्रायल रूम मोकळ्या असतात, सेल्समन जांभया देत असतो, त्यामुळे तो तुमच्याकडे नीट लक्ष देतो.

मोठे सेल बहुधा वर्षातून दोनदा लागतात: जानेवारीच्या आसपास आणि जून-जुलैत. सेलच्या पहिल्या शनिवार-रविवारी गर्दी बघून परत यावंसं वाटतं, आणि शेवटच्या आठवड्यात तुमचं माप संपलेलं असतं. मधला एखादा साधा वार गाठा. आमच्या सासूबाईंना पटत नाही, पण माझा आवडता काळ पितृपक्ष आहे. नवे कपडे घ्यायचे नाहीत म्हणून बरेच लोक फिरकत नाहीत, आणि नवरात्राचा माल मात्र दुकानात येऊन पडलेला असतो. सासूबाईंसाठी काही घ्यायचं असेल तर बघून ठेवते आणि घटस्थापनेनंतर आणते.

गणपतीत, खासकरून विसर्जनाच्या दिवशी, शहर ओलांडून कुठल्याही मॉलला जायचा विचार करू नका. मध्यवर्ती भागातले रस्ते बंद असतात.

३. जायचं कसं

विमाननगरसाठी मी आता मेट्रोच धरते. वनाज ते रामवाडी हा मार्ग ६ मार्च २०२४ पासून पुरता सुरू झालाय. रामवाडी हे त्याचं शेवटचं स्टेशन, म्हणजे चुकून पुढे जायची भीती नाही. मॉल तिथून पुढे नगर रस्त्यालाच आहे, पण पोरं आणि म्हातारी माणसं असतील तर चालत नेऊ नका, रिक्षा करा. मीटरचं भाडं किती होईल ते आधीच ॲपवर बघून ठेवा. स्टेशनबाहेर "सीटला एवढे" असं सांगणारे भेटतात.

एसटीने स्वारगेटला उतरणाऱ्यांनाही आता सोपं आहे. स्वारगेटची मेट्रो २९ सप्टेंबर २०२४ पासून सुरू आहे. तिथून जिल्हा न्यायालय स्टेशनला यायचं आणि रामवाडीची गाडी पकडायची. फक्त एक लक्षात घ्या. जिल्हा न्यायालयाचा खालचा फलाट जमिनीखाली सुमारे ३३ मीटर आहे आणि रामवाडीची गाडी येते ती वर, पुलावर. गाडी बदलताना चार-पाच सरकते जिने लागतात. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांना घेऊन सरळ लिफ्टकडे जा. वेळ लागतो, लागू द्या. आणि बॅगांसकट थेट मॉलला जाऊ नका, सामान आधी कुणाच्या तरी घरी टाका.

गाडीनेच जायचं असेल तर पार्किंगचे पैसे धरून चाला. बऱ्याच ठिकाणी दर तासावर असतो आणि शनिवार-रविवारी जास्त. आत शिरताना फलक वाचा. फलकाचा फोटो काढलात तर उत्तम.

४. सोबत काय घ्याल

आमच्या दाराच्या मागे ही यादी चिकटवलेली आहे:

- आधार कार्डाचा फोन-फोटो सगळ्यांचा, आणि एकाचं तरी खरं ओळखपत्र. व्हीलचेअर घेताना, कधी सिनेमाला वय दाखवताना लागतं.
- पूर्ण चार्ज केलेला फोन. पैसे, तिकिटं, माणसं शोधणं, सगळं त्याच्यावर असतं. पॉवर बँक असेल तर घ्याच.
- तीन-चारशे रुपये रोख, सुट्टे. तळघरात रेंज जाते आणि यूपीआय नुसतं गोल गोल फिरत बसतं.
- मापांची चिठ्ठी. जे आले नाहीत त्यांच्यासाठी घ्यायचं असेल तर "अप्पांना साधारण शेजारच्या काकांएवढं" हे चालत नाही. त्यांचा एक नीट बसणारा शर्ट घरी पसरून छाती, खांदा, लांबी मोजून लिहून न्या. ब्रँड बदलला की एल आणि एक्सएल बदलतात.
- बदलायची वस्तू असेल तर बिल आणि न काढलेला टॅग.
- दोन कापडी पिशव्या. बऱ्याच दुकानांत पिशवीचे वेगळे पैसे लावतात.
- म्हाताऱ्यांसाठी शाल किंवा स्वेटर, उन्हाळ्यातसुद्धा. बाहेर चाळीस डिग्री आणि आत एसी. आत्या पंधरा मिनिटांत पदर दोन्ही खांद्यांवर ओढून बसली होती.
- वेळेवर घ्यायच्या गोळ्या.
- लहान पोरांचे मोजे. का ते पुढे सांगते.

५. दारावरची तपासणी

गाडीची डिकी उघडून बघतात, मग माणसांची तपासणी, बायकांची वेगळी. तंबाखू, गुटखा, काडेपेटी, लायटर काढून घेतात. चाकू, कात्री, स्क्रू ड्रायव्हर तर नाहीच.

आत्याच्या कमरेला चंची. त्यात सुपारी, कात, चुना आणि तिच्या सासूचा पितळी अडकित्ता. यंत्र वाजलं. सिक्युरिटीच्या मुलीने तो हातात घेऊन उलटसुलट बघितला, उघडला, मिटला. तिला तो काय आहे हेच कळेना. आत्याने सुपारी काढून कातरून दाखवली. मुलगी हसली, पण अडकित्ता काही सोडला नाही. एका डब्यात टाकला आणि टोकन दिलं. अशा वस्तू घरीच ठेवा. ठेवायच्या राहिल्या तर टोकन जपा आणि कुठल्या दाराशी जमा केली तेही लक्षात ठेवा. हे महत्त्वाचं आहे, शेवटी परत येते त्याच्याकडे.

६. सरकता जिना

ज्यांनी आयुष्यात कधी यावर पाय ठेवलेला नाही, त्यांना "काही होत नाही, चला" म्हणू नका. आत्या पहिल्या पायरीसमोर उभी राहिली. पाय उचलला, मागे घेतला. पुन्हा उचलला. मागे लोकांची रांग. मग तिने चपला काढून हातात घेतल्या आणि म्हणाली, "आगं, ही थांबंना की!"

अनवाणी तर अजिबात चढायचं नाही. साडीचा काठ आणि पोरांच्या मऊ रबरी चपला, या दोन गोष्टी जिन्याच्या कडेला आणि शेवटच्या दातेरी पट्टीत अडकतात. निऱ्या वर खोचायच्या, पोराचा हात धरायचा, पिवळ्या रेघेच्या आत उभं राहायचं. काही अडकलंच तर जिन्याच्या वरच्या आणि खालच्या टोकाला लाल बटण असतं, ते दाबा. जो घाबरतोय त्याला सरळ लिफ्टने न्या. गर्दीच्या दिवशी लिफ्ट मधल्या मजल्यांवर भरूनच येते, म्हणून खाली तळघरातूनच लिफ्टमध्ये चढलेलं बरं.

चालणं झेपत नसेल तर मदतकक्षावर व्हीलचेअर मागा. मोठ्या मॉलमध्ये बहुधा मिळते. मागायला लाजू नका. आमच्या सासूबाई पहिले वीस मिनिटं नको नको म्हणत होत्या, नंतर उठायला तयार नव्हत्या.

आणि चुकामूक झाली तर कुठे भेटायचं, हे आत शिरल्याशिरल्या ठरवा. "त्या बुटाच्या दुकानापाशी" नको, बुटाची दुकानं दहा असतात. मदतकक्षच बरा. पोरांच्या खिशात फोन नंबरची चिठ्ठी घाला.

७. खरेदी

इथे सगळ्यात जास्त फसगत होते, म्हणून जरा सविस्तर.

*आधी मोठं काम.* सूट, बूट, चष्मा, ज्याला माप किंवा दुरुस्ती लागते ते पहिल्या तासात उरका. आम्ही आधी पोरांना खेळवलं, मग जेवलो आणि चार वाजता सुटाच्या दुकानात गेलो. सूट छान बसला, पँट दोन इंच लांब. बिल केलं. मग तो मुलगा शांतपणे म्हणाला, "अल्टरेशन पाच दिवसांनी मिळेल." पाहुणे दुसऱ्या दिवशी निघणार होते. शेवटी पँट मी आणली आणि ओळखीच्या ट्रॅव्हल्सवाल्याकडून बार्शीला पाठवली. म्हणून पैसे देण्याआधी विचारा: अल्टर करता का, फुकट की पैसे घेऊन, आणि कधी मिळेल? दुकान वेळेत देत नसेल तर कापड तसंच घ्या आणि गल्लीतल्या टेलरकडून उद्या करून घ्या.

*रंग उजेडात बघा.* दुकानातला दिवा पिवळट असतो. आतला नेव्ही ब्लू बाहेर काळा निघतो. नवरीच्या शालूशी जुळवायचं असेल तर फोटोवर विसंबू नका. शालूच्या ब्लाउजपीसची कातरण असेल तर ती न्या, आणि विचारून कपडा काचेच्या छताखाली, दिवसाच्या उजेडात धरून बघा.

*किंमत.* टॅगवरच्या एमआरपीत सगळे कर धरलेले असतात. त्याच्यावर पुन्हा जीएसटी लावला तर थांबवा आणि विचारा. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांपर्यंतच्या कपड्याला आणि बुटाला ५ टक्के जीएसटी आहे, त्यावरच्या कपड्यांना १८. टॅगवर जुनी किंमत खोडून नवी चिकटवलेली दिसली तर दोन्ही वाचा. "दोनवर दोन फ्री"च्या नादात नको असलेले तीन शर्ट घरी येतात, याचा पुरावा माझ्या नवऱ्याच्या कपाटात आहे.

*मोबाइल नंबर.* बिलाच्या वेळी सगळे मागतात. द्यायलाच हवा असं नाही. ग्राहक व्यवहार खात्याने २०२३ च्या मे महिन्यात दुकानदारांना तशी सूचनाच केली आहे. "नंबर द्यायचा नाही, छापील बिल द्या" एवढं म्हणा. काउंटरवरचा मुलगा "सिस्टिम घेत नाही" म्हणाला, तर मॅनेजरला बोलवा. सिस्टिम घेते.

*टॅग.* कपड्यावरची प्लॅस्टिकची चोरघंटी काउंटरवर काढली का, ते प्रत्येक कपड्याला हात लावून बघा. एकदा माझ्या कुर्त्यावर राहिली आणि दारातलं यंत्र नेमकं गप्प बसलं. घरी आल्यावर पक्कड, सुरी, सगळं करून पाहिलं. ती निघत नाही, कापड फाटतं. काहींच्यात शाईही असते. पुन्हा बिल घेऊन जावं लागलं.

*बिल.* चकचकीत कागदावरची अक्षरं दोन महिन्यांत उडतात, तिथेच फोटो काढा. आणि "नो एक्स्चेंज, नो रिफंड"च्या पाटीला घाबरू नका. माल सदोष निघाला तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ तुमच्या बाजूने आहे: बिलावर मुदत दिली असेल तर त्या मुदतीत आणि नसेल तर ३० दिवसांत तो परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापार प्रथा ठरते. नुसता रंग आवडला नाही, माप चुकलं, तर मात्र दुकानाचा नियम चालतो, तो आधी विचारा. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५.

८. खाणंपिणं

फूड कोर्टात दुपारी एक ते तीन जागा मिळत नाही. साडेबाराला बसा. एकाने टेबल धरायचं, दोघांनी रांगेत जायचं. घरचा डबा तिथे बहुतेक ठिकाणी उघडू देत नाहीत, त्यामुळे पथ्याचं खाणाऱ्यांना घरून खाऊनच आणा.

काही फूड कोर्टात पैसे भरून कार्ड घ्यावं लागतं. त्यात हिशेबापुरतेच भरा आणि उरलेले कसे परत मिळतात ते भरतानाच विचारा. हॉटेलात बसून जेवलात आणि बिलात सर्व्हिस चार्ज दिसला, तर तो काढायला सांगता येतो. तो ऐच्छिक असतो, आपोआप लावता येत नाही.

९. सिनेमा आणि पोरांचे खेळ

बाहेरचं खाणं सिनेमागृह अडवू शकतं, पण पिण्याचं पाणी फुकट द्यावं लागतं आणि तान्ह्या बाळाचं खाणं नेऊ द्यावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये हे सांगितलंय. "ए" प्रमाणपत्राच्या सिनेमाला अठराच्या आतलं पोर आईबापांबरोबरही सोडत नाहीत, तिकीट काढण्याआधी बघा. खिडकीवर तिकीट काढलं तर ऑनलाइनचा वरचा आकार वाचतो.

खेळायच्या जागी मोजे सक्तीचे असतात. नसले तर तिथलेच घ्यावे लागतात, आणि घरी आधीच सहा जोड पडलेले असतात.

१०. बाहेर पडणं

गाडी लावल्याबरोबर, गाडीतून उतरतानाच, खांबावरचा मजला, रंग आणि नंबर असा फोटो काढा. आणि ज्या लिफ्टने वर गेलात तिच्यावरचंही अक्षर टिपा. आम्हाला "दुसरं तळघर, निळा खांब" एवढंच आठवत होतं. निळे खांब शंभर होते. दोन्ही पोरं झोपलेली, एक माझ्या खांद्यावर, एक वहिनीच्या. शेवटी गस्तीच्या माणसाने गाडीचा नंबर विचारला आणि पाच मिनिटांत शोधून दिली. तेव्हा स्वतः फिरत बसू नका, आधी त्यांना विचारा.

पार्किंगचे पैसे वरच भरता येत असतील तर रेंज आहे तोवर भरून मग खाली उतरा. फास्टॅगमधून पैसे गेले असतील तर मेसेज बघा, पुन्हा रोख देऊ नका. नऊच्या आत निघा. साडेनऊ ते साडेदहा सिनेमा सुटलेला असतो, दुकानं बंद होत असतात, आणि उताराच्या वळणावर गाड्या एकामागे एक खोळंबतात.

आणि तळघरात उतरण्याआधी दारात जमा केलेली वस्तू घ्या. आम्ही मुख्य दाराने शिरलो होतो आणि निघालो तळघरातून, त्यामुळे आठवण कुणालाच झाली नाही. येरवड्याच्या पुलावर आत्याने सुपारी काढली आणि चंची चाचपायला लागली. गाडी वळवायची तयारी नव्हती कुणाची. दुसऱ्या दिवशी टोकन घेऊन मी मेट्रोने गेले. सिक्युरिटीला कालचीच मुलगी होती. तिने डब्यातून अडकित्ता काढला आणि म्हणाली, "मॅडम, काल रात्री आम्ही सगळ्यांनी एकेक सुपारी कातरून बघितली."